थापाड्या मासा

खामपुनचं सारं आयुष्य मेकाँग नदीत जाळी टाकण्यात गेलं. गावच्या छोट्या मत्स्यालयातला ठिपक्यांचा मासा तिनेच जिवंत धरून आणला होता. पण बँकॉकहून आलेल्या साहेबांनी "मीच पकडला" म्हणत काचेवर स्वतःचा फोटो लावला.

"मावशी, इकडे याला काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"खी-तुआ," ती थंडपणे म्हणाली. तिच्या बोलीत खी-तुआ म्हणजे थापाड्या. साहेबांनी तेच नाव फोटोखालच्या पाटीवर ठळक रंगवून घेतलं.

रविवारी तिने गावच्या बाया गोळा करून आणल्या. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली.

"एवढं काय हसता गं?" साहेब वैतागले.

"नाव अगदी शोभून दिसतंय हो, साहेब!"

आपण खोटं नाव सांगितलं म्हणून खामपुनने बुद्धापुढे डोकं टेकलं. पाटी बदला, असं मात्र ती मेली तरी सांगणार नव्हती.