गोळी आणि कपभर दूध

दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या आजींनी थर्मासमधून कपभर दूध ओतलं आणि आजोबांच्या थरथरत्या हाताला धरून म्हणाल्या, "रिकाम्या पोटी गोळी नको. आधी दूध घ्या बघू." गोळीची पट्टी माझ्या ओळखीची होती. मी मान फिरवली.

आमच्या बाबांना हाच कंपवात होता, गोळीही हीच. औषध उष्ण पडतं, म्हणून आई ती दुधाबरोबरच द्यायची, वर साय घालून. बाबा गेल्यावर, फार उशिरा, एका डॉक्टरांकडून मला कळलं, की आतड्याच्या भिंतीत वाहक प्रथिनं असतात. नावाड्यासारखी ती अन्नातला एकेक कण पलीकडे, रक्तात नेऊन सोडतात. ही गोळी आणि पचलेलं दूध, दोघांचा नावाडी एकच. दुधाची गर्दी आधी नावेत चढली, की गोळी बिचारी काठावरच राहते.

बाबांना शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, तेव्हा आईला वाटलं, अंगात ताकद नाही. तिनं दूध वाढवलं.

आजींना मी हळूच म्हटलं, "दुधाचं एकदा डॉक्टरांना विचारून घ्या हं." त्यांनी कप झाकून ठेवला.

आईला मात्र मी हे कधीच सांगितलं नाही. आजही ती बाबांच्या फोटोकडे बघत म्हणते, "एक गोळी चुकू दिली नाही मी. आणि दुधाशिवाय तर कधीच दिली नाही."

"हो गं आई," मी म्हणते.