बासष्टाव्या वर्षी प्राणहितेत उतरले त्याची गोष्ट

निघायच्या सकाळी आमचे हे दारात आडवे उभे राहिले अन् म्हणाले, "तू त्या पाण्यात उतरली का नाई, तर मी तुह्या हातचं जेवणार नाई. सांगून ठेवतो."

मी चपलेचा पट्टा लावत होते. म्हटलं, "दोन दिवसांचं करून फ्रिजात ठेवलंय. उतरायच्या आधीचं आहे, खाऊन घ्या." अन् बॅग उचलून रिक्षात बसले.

रिक्षात बसल्यावर मात्र दोनदा मागे वळून पाहिलं, ते लपवत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने रागावून बोलणं सोडलं असेल, ताट कधी सोडलं नव्हतं. हे आयुधनिर्माणीतून निवृत्त, मी शाळेतून. भद्रावतीला छोटं घर, मुलगी सासरी. सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईला हे काय सुचलं, असं तुम्हालाही वाटत असेल. तर ऐका.

आम्ही निर्माणीच्या वसाहतीत राहायचो तेव्हा शेजारच्या क्वार्टरात सुगुणाबाई होत्या, मूळच्या सिरोंच्याच्या. त्यांची नजर गेली तेव्हा म्हणाल्या, "बाई, मले बायबल वाचून दाखवाल का?" मी मास्तरीण, वाचायला माझं काय जातं! रोज दुपारी वाचायचे. कधी कधी त्या डुलक्या घ्यायच्या अन् मी पुढे वाचतच राहायचे. ज्यांना कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही त्यांच्याच घरी जाऊन येशू जेवतो, याचा मला आधी अचंबा वाटला. मग हा माणूस आवडला. मग नुसतं आवडण्यावर भागेना, तो हवासा वाटायला लागला. मला कोणी ओढलं नाही की फूस लावली नाही. उलट सुगुणाबाईच घाबरल्या, "साहेब काय म्हणतील?"

सासरच्या देवांची पूजा मी इतकी वर्षं नेमानं केली. ते देव वाईट नव्हते. पण ते सासरचे होते, लग्नात घरासोबत मिळालेले. हा मी स्वतः निवडला. पुढे सुगुणाबाई सिरोंच्याला लेकीकडे राहायला गेल्या, म्हणून बाप्तिस्मा तिथेच, प्राणहितेच्या पाण्यात घ्यायचा ठरवला. ज्यांनी ऐकलं त्यांनी एकच विचारलं, "या वयात?" अहो, या वयात मोतीबिंदू काढलेला चालतो, गुडघे बदललेले चालतात, मग देवानंच कोणाचं घोडं मारलंय?

आता रस्त्याचं. भद्रावतीहून चंद्रपूरला एसट्या भरपूर. पुढे सिरोंच्याची थेट गाडी मिळाली तर नशीब समजा, नाहीतर अहेरीला बदलायची. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा घरच्यांना खर्चाचं कारण सांगू देऊ नका. बल्लारपूर, गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडला की आष्टी. गोंडपिपरीला तर्री-पोहा खाऊन घ्या, तिथला झणझणीत असतो. फेब्रुवारी संपत आला होता, पळस नुकता पेटला होता अन् आलापल्लीजवळ सागाची वाळकी पानं रस्त्यावर इतकी, की गाडी त्यांच्यावरून कराकरा चालत होती. अहेरीच्या पुढे रस्ता म्हणजे काय सांगू! कंबरपट्टा असेल तर बांधा. मोबाईलची रेंज मधेच जाते, ती बराच वेळ परत येत नाही. मला त्या दिवशी ते बरंच वाटलं.

अहेरीला बदललेल्या गाडीत माझ्या शेजारी चिंचेचं गाठोडं मांडीवर घेतलेली एक बाई बसली. रेपनपल्लीला उतरणारी.

"कुठी जाऊन राह्यले बाई? नवरा नाई का संगं?"

"सिरोंच्याला. बाप्तिस्मा घ्यायला. नवरा रागावून घरी बसलाय."

मागच्या सीटवरचा माणूस लगेच पुढे वाकला. "या वयात? काय देऊन राह्यले जी ते लोक?"

"काही नाई देत. उलट मलाच तिकीट काढावं लागलं."

"मंग काऊन जाता?"

"मन झालं म्हणून. तुम्ही लग्न केलं ते काय मिळते हे पाहून केलं होतं का?"

त्याच्या बाजूला त्याची बायको होती. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, "सांगा ना जी आता, सांगा!" त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. चिंचवाल्या बाईनं मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाली, "आमचा पेन आमच्यापाशी, तुमचा देव तुमच्यापाशी. भांडाले काय आहे त्यात? घ्या, चिंच खा." पेन म्हणजे गोंडांचा देव. चिंच भलती आंबट होती, पण मी सगळी खाल्ली.

सिरोंच्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. लॉज साधे आहेत, मच्छरदाणी किंवा निदान कॉईल सोबत ठेवा. मी सुगुणाबाईंच्या लेकीकडे उतरले. सुगुणाबाईंनी माझा चेहरा हातांनी चाचपला.

"आली का बाई! साहेब?"

"घरी आहेत. उतरली तर माझ्या हातचं जेवणार नाई म्हणाले."

त्यांचा हात माझ्या गालावरच थांबला. "अजून परत जाऊ शकता," त्या म्हणाल्या. "येशू रुसत नाई."

"तो रुसत नाई म्हणूनच तर आले," मी म्हटलं. जेवायला भात, आंबाडी घातलेलं वरण अन् तळलेली मासोळी. आंबाडीला तिथे गोंगुरा म्हणतात. नुसत्या त्या वरणासाठीसुद्धा सिरोंच्याला जावं, इतकं चविष्ट.

रविवारी सकाळी सगळे प्राणहितेवर गेलो. पात्र एवढं रुंद की पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसावा. वाळूत चटई अंथरून सुगुणाबाईंना बसवलं. चर्चमधल्या बायका तेलुगूत गात होत्या. पास्टर कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले अन् त्यांनी मला हाक मारली.

मी पाण्याशी गेले, वाकले, ओंजळभर पाणी कपाळाला लावलं, हात जोडले अन् मग पाय टाकला. लहानपणापासूनची सवय. मी काय केलं ते माझं मलासुद्धा कळलं नाही. गाणं थांबलं.

"अम्मा, हे काय केलं?" पास्टर म्हणाले. "नदीला नमस्कार? आज? हे सगळं मागे ठेवून यायचं असते. मन पक्कं नसेल तर थांबू. पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी! माझं डोकंच फिरलं.

"पास्टर," मी म्हटलं, "घरून ऐकून आले, पाण्यात उतरली तर जेवणार नाई. इथे ऐकतेय, नमस्कार केला तर उतरवणार नाई. म्हणजे बाईनं काठावरच उभं राहायचं का जन्मभर? माझ्या आईनं शिकवलं, नदीत पाय ठेवायच्या आधी माफी मागायची, कारण आपण तिला पाय लावतो. पूजा नाई केली मी तिची. हे पाणी केलं कोणी? तुमच्या-माझ्या देवानंच ना? मग त्याच्या पाण्याला पाय लावताना माफी मागितली तर त्याला राग कशाचा? मी त्याला निवडून आले. आईला टाकून नाई आले."

कोणीतरी हे मागच्या बायकांना तेलुगूत सांगत होतं. कुजबुज झाली, एकजण खुदकन हसली. पास्टरांनी ओले हात तोंडावरून फिरवले. माणूस वाईट नव्हता, विचारात पडला होता.

"विश्वास कोणावर, अम्मा?"

"येशूवर."

"कोणी सांगितलं म्हणून?"

"सांगणाऱ्या सगळ्यांनी नकोच सांगितलं."

तेव्हा ते हसले अन् हात पुढे केला. "रा, अम्मा, रा." म्हणजे ये. मी गेले. पाणी थंडगार, तळाची वाळू सरकत होती. त्यांनी मला मागे झुकवून पूर्ण बुडवलं अन् वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, अन् ठसक्यातच मी रडायला लागले. आनंदाने रडले, अजिबात लाज वाटली नाही. काठावर सुगुणाबाई विचारत होत्या, "झालं? झालं का?" लेकीनं सांगितल्यावर त्यांनी जोरात टाळी वाजवली.

परत आले तर फ्रिजातला डबा रिकामा, अन् ओट्यावर करपलेल्या खिचडीचं पातेलं. ह्यांनी शब्द पाळला. मी दोघांचा स्वयंपाक करायचे, हे आपली खिचडी वेगळी लावायचे अन् पेपरमागे तोंड लपवून खायचे. राजुऱ्याहून दिरांचा फोन आला, "वहिनीले समजाव जरा." हे म्हणाले, "तू समजावून पाह्य." मी विनवण्या केल्या नाहीत. आतून मात्र तुटत होतं, खोटं कशाला बोलू? रोज त्यांच्या वाट्याची भाकरी उरायची अन् रोज ती उचलून ठेवताना वाटायचं, एवढं मोल द्यायचं होतं का? उत्तर रोज एकच यायचं. हो, द्यायचं होतं. कोणी विचारतं, सिरोंच्याहून काय आणलं? तर हे उत्तर आणलं.

मग एका दुपारी मी वांग्याची भाजी अन् ज्वारीची भाकरी केली, माझं ताट वाढून घेतलं अन् प्रार्थनेसाठी डोळे मिटले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर हे समोर, रिकामं ताट घेऊन.

"वाढ," म्हणाले.

"मी पाण्यात उतरले," मी म्हटलं.

"माहीत आहे मले. वाढ."

मी वाढलं. दोन भाकरी, भाजी, कांदा. पण माझी प्रार्थना अर्धवट राहिली होती, ती मी काही सोडणार नव्हते. पुन्हा डोळे मिटले अन् शांतपणे, सावकाश, शेवटपर्यंत म्हटली. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या ताटातल्या दोन्ही भाकरी अजून अख्ख्या होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस जेवायला माझ्यासाठी थांबला होता.