आईचे वय आणि शेजारची खाट

ज्या वर्षांत आमच्या मारेगाव भागात कापसावरची कीड आणि पडलेले भाव यांखेरीज दुसरा विषय नव्हता, त्याच वर्षांत आईच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. आई सत्तरी ओलांडलेली. शहरातील रुग्णालयात दाखल केले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया झेपेल असे वाटत नाही, गोळ्यांवर ठेवू. शेजारच्या खाटेवरील ढाणकीच्या तरुण मेकॅनिकच्या मात्र तपासण्यांवर तपासण्या चालल्या होत्या. म्हाताऱ्यांना येथे मोडीत काढतात, असा संशय माझ्या मनात घट्ट बसला. देवीचा जप करीत असे, पण तो ती ऐकते का, याचीही शंकाच होती.

त्या तरुणाची पत्नी रुबीनाभाभी आईशी तासन्‌तास बोले, चहा आणून देई. मला त्यातही काही हेतू दिसे.

एका सकाळी फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी पुन्हा विचारले, आजी घरी काय काम करतात? थोरल्या दादाने पहिल्या दिवसासारखेच ताठ मानेने सांगितले, "आम्ही आईले काडीबी उचलू देत नाही, साहेब." म्हातारी आई शेतात राबते, असे चारचौघांत कळणे ही आमच्याकडे लेकाची नाचक्की. आईने लेकाचा शब्द खोडला नाही. मीही मान डोलावली.

भाभी हसली. "काहून झूट बोलून राह्यले, भाऊ? मावशी तर इथं येईपर्यंत कापूस वेचत होती. मलेच सांगे, सुना मागं राह्यतात म्हणून."

"मंग? घरी बसून का करू?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी तिला जिना चढायला लावला, तपासण्या नव्याने केल्या आणि मग आम्हाला समजावले: वय हा अनेकांपैकी एक मुद्दा असतो, गाठ काढल्यावर उरणारे यकृत किती निरोगी आणि शरीर किती धडधाकट, हे अधिक मोलाचे. आईचे दोन्ही चांगले होते. शस्त्रक्रिया ठरली.

त्याच दुपारी कळले, की भाभीच्या नवऱ्याचे यकृत जुन्या काविळीने आतून कडक झाले होते. तो तरुण असूनही त्याची गाठ काढणे शक्य नव्हते, आणि हे तिला आदल्या दिवशीच सांगण्यात आले होते. माझ्याने राहवले नाही. "भाभी, तुम्हाला वाईट नाही वाटले?"

"वाटलं ना, ताई. पण मावशीची तर निघू दे."

आई बरी होऊन घरी आली. पुढे काय होईल, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. कृपा कोणाच्या मुखाने यावी, हे ठरवणे माझे काम नव्हे, एवढे मला उमगले. आता जपाला बसते तेव्हा देवीकडे खूण मागत नाही. ढाणकीच्या त्या तरुणाचे नाव आईच्या नावाआधी घेते, आणि उरलेले तिच्यावर सोडते.