सेडानच्या फॉर्मवर कूपेतून सही

रविवार, सकाळी साडेअकरा. मदन महल स्टेशनच्या रस्त्यावरचं जुन्या गाड्यांचं शोरूम. पुढचं सांगायची लाज वाटते, पण ही बातमी दुसऱ्या कोणी फोडण्यापेक्षा मीच फोडतो.

दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक तगड्या इंजिनची, चार दारांची सेडान. दुसरी लाल, दोन दारांची कूपे. आयुष्यभर स्कूटरवरून बातम्या गोळा केल्या. आता एकदा तरी लाल गाडीतून ओमतीच्या पोलीस ठाण्यासमोर उतरायचं, हे माझं ठरलेलं. बायकोचं, म्हणजे सुनंदाचं, सेडान ठरलेलं. कारण मागे माझी आई बसणार. आई ब्याऐंशीची, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. घरून निघताना तह झाला: आईला मागे बसणं जमणार असेल तर कूपे, नाहीतर सेडान. बुकिंग मात्र आजच.

शोरूमचे दुबेजी, पन्नाशीचे गृहस्थ, म्हणाले की कूपेची मागची सीट नावालाच आहे. घरात वडीलधारं माणूस असेल तर सेडानच घ्या.

आता तुम्हीच सांगा, गिऱ्हाइकाला आवडलेली गाडी नको म्हणणारा विक्रेता कधी पाहिलाय? तीस वर्षं पत्रकारितेत काढलीत मी. लगेच वास आला. सेडान खपत नसणार, म्हणून आमच्या गळ्यात मारून राहिले. मी वही काढली. कूपेच्या कागदपत्रांवर चार माणसं लिहिली आहेत की नाही? आहेत. मग मागे बसता येत नाही, हे कशाच्या आधारावर?

"सर, आप खुद बैठके देख लीजिए," दुबेजी शांतपणे म्हणाले.

मला आव्हान! पुढची सीट वाकवली. आधी डोकं घातलं, मग एक पाय, मग उरलेला मी. बसलो. गुडघे हनुवटीला, टाळू छताला. तरी आतून जाहीर केलं की भरपूर जागा आहे.

"मग या बाहेर," सुनंदा म्हणाली.

आलो नाही. येताच येईना. पुढची सीट पुन्हा जागेवर येऊन बसली होती आणि तिच्या खटक्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता.

"काहून, जागा भरपूर आहे ना?"

"मी पाहणी करून राहिलो."

"अच्छा. निवांत करा."

काचेतून दिसत होतं. ती टेबलाशी बसली, चहा आला, फॉर्म आला. मी काच वाजवली. तिने प्रेमाने हात हलवला. फॉर्मवर माझीही सही लागत होती, म्हणून दुबेजींनी तो पुढच्या सीटवरून आत सरकवला. तहाच्या अटीप्रमाणे सेडानच्या बुकिंगवर मी कूपेत अडकून सही केली. मग दोघांनी मला बाहेर ओढलं. आधी बूट निघाले, मागून मी.

सेडान झकास आहे, मान्य. आई मागे पाय पसरून बसते.

पण एक मुद्दा उरतो. वाकवलेली ती सीट आपोआप मागे येत नाही. दुबेजींनी नंतर करून दाखवलं. मी आत शिरलो तेव्हा ते चहा सांगायला गेले होते आणि गाडीजवळ एकटी सुनंदा उभी होती. मी तिला तीनदा विचारलंय. तिन्ही वेळा ती चहा टाकायला उठली.