आक्का कुठून उचलणार

जुन्या मोटारसायकली घेऊन विकण्यात माझी तीस वर्षं गेली. गिऱ्हाईक कितीही तयारीचं असो, माझ्या चेहऱ्यावरून त्याला काही कळत नाही. पण निपाणीच्या आमच्या ख्रिस्ती देवळात गिटार घेऊन पुढच्या खुर्चीवर बसलो, त्या रविवारी माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि सगळ्या मंडळीला तो दिसत होता.

हे मीच ओढवून घेतलेलं. पेटी वाजवणारे काका मुलाकडं पुण्याला गेले. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, मोबाईलवर गाणी लावू, स्पीकर आहेच. माझं डोकं फिरलं.

"देवळात काय वरात हाय व्हय? मी वाजवतो. गिटार शिकतो."

आक्का हसली. आक्का म्हणजे आमच्या देवळातली सगळ्यात जुनी गाणारी. "तू? तू लिलावच कर की रं."

हंगामाच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणून देवापुढं ठेवतात आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. भोपळा असो की कोंबडा, बोली चढवायला मलाच उभं करतात. गाण्याला मात्र कधी कुणी बोलावलं नाही. त्याला कारण ही आक्काच. मी बारा वर्षांचा असताना गाणाऱ्यांच्या रांगेतून तिनं मला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. "ह्याचा आवाज बाजारातला हाय. मागं बस जा." सगळे हसले. पुढं मी दुकान काढलं, घर बांधलं, पण देवळात त्या मागच्या बाकावरून उठलो नाही.

गिटार बेळगावात घेतली. इतकी घासाघीस केली की दुकानदारानं हात जोडले. "अण्णा, याच्या खाली गिटार बसत न्हाय. तारा काढून नुसता डबा देऊ काय?" सोबत तो एक चिमटा देत होता, तारांवर बसवायचा. त्याला कॅपो म्हणतात. मला वाटलं, गाडीबरोबर मी सीटकव्हर गळ्यात मारतो तसाच हा माल. "चिमटा काढ, भाव कमी कर," म्हणालो आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

शिकवायला मंडळीतल्याच एक शाळेच्या बाई होत्या, चिकोडीहून लग्न होऊन आलेल्या. शाळा सुटली की देवळाच्या व्हरांड्यात अर्धा तास. तारा दाबायच्या तीन ठेवणी, म्हणजे कॉर्ड, शिकवल्या: जी, सी आणि डी. पाना फिरवून माझ्या बोटांना घट्टे पडलेले, तरी तारांनी ती सोलून काढली. दोन महिन्यांनी एक गीत कसंबसं जमलं. वाजवायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बाईंनी विचारलं, "अण्णा, तुमचा चिमटा कुठाय?"

"नको म्हणून सांगितलं. कशाला लागतोय?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "आपल्याकडं आक्का गाणं उचलतात आणि वाद्यानं त्यांच्या मागं जायचं. सर्दी असली तर खालच्या सुरातून उचलतात, खुशीत असल्या तर वरून. तुम्हाला कॉर्ड येतात तीन. चिमटा सरकवला की त्याच तिन्हींत सूर वर जातो. न्हायतर त्या एकीकडं, तुम्ही एकीकडं."

मी गिटार खाली ठेवली.

"आत्ताच जाऊन विचारून या," बाई म्हणाल्या. "उद्या कुठून उचलणार म्हणून."

"तिच्या दारात? न्हाय जमायचं."

निपाणीत चिमटा मिळाला नाही. दुकानातल्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या घरात तारांवर पेन्सिल आडवी ठेवून करकचून बांधली. बहुतेक तिथंच बसेल, असा बाईंचा अंदाज होता. रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी पाळकांनी गीताचा नंबर सांगितला. आक्का उठली आणि तिनं उचललं ते वरूनच. मी पहिली कॉर्ड छेडली. पुढच्या बाकावरच्या माना एकदम वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. मला मागचा बाक दिसायला लागला. हात तारांवर दाबून ठेवला आणि नुसता ताल बडवत राहिलो. कडवं चालू असतानाच पेन्सिल पुढं ढकलायला गेलो, तर पट्टीला पीळ बसला. उठून बाहेर पडावं असं वाटत होतं, पण दार त्या सगळ्या बाकांच्या पलीकडं होतं.

कडवं संपलं आणि आक्कानं शेवटचं अक्षर लांबवलं. मंडळी गप्प झाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, नुसता सूर धरून राहिली. मी तिसऱ्या घरात पेन्सिल ठेवून हळूच जी कॉर्ड छेडली. नाही. चौथ्या घरात ठेवली. जुळलं. तिनं दम घेतला आणि दुसरं कडवं उचललं.

बाहेर पायरीवर चपला घालताना ती म्हणाली, "पैलं कडवं नुसतं खोकं बडवलंस."

"तू वरनं उचललंस."

"मग इचारायला का आला न्हाईस?"

"सांगितलं असतंस व्हय?"

"शनवारी घरला ये. गिटार नको आणू. तोंडानं गाऊन दाखव, मग बघू कुठनं उचलायचं ते."

आठवडाभर मी गिऱ्हाइकांवर ओरडत होतो. शनिवारी तिच्या फाटकापर्यंत गेलो आणि गाडी बंद न करता थांबलो. वळवता आली असती. आतून हाक आली, "आत ये की रं, बाजारात उभारल्यागत काय उभारलायस?"

आत गेलो. तिनं मला समोर उभं केलं आणि सूर दिला. रिकामे हात कुठं ठेवावेत ते कळेना. पहिला शब्द बाहेर पडला तेव्हा मी तिच्या ओठांकडं बघत होतो, ती हसते का ते.