मागे आलेला हात

शुभदा दातारला कुणाचा हेवा वाटला की ती त्याचं कौतुक करायला लागायची. जळफळाट जितका जास्त, तितकं कौतुक गोड. जावेने कल्याणला फ्लॅट घेतला तेव्हा तिने त्या गॅलरीचं इतकं गुणगान केलं की जाऊबाई भारावून गेल्या, आणि घरी परतल्यावर शुभदा दोन दिवस भांडी आपटत होती. नवऱ्याला हे पुरतं ठाऊक होतं. भांड्यांचा आवाज वाढला की तो फक्त विचारायचा, “आज कुणाचं कौतुक करून आलीस?”

भिवंडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात ती क्लार्क आहे. बाकी बायका सुट्टीत वाळवणं घालतात, ही पुठ्ठे कापून पटावरचे खेळ बनवते. वेड वडिलांकडून आलं. अण्णा तिच्याशी बुद्धिबळ खेळायचे आणि एकदाही मुद्दाम हरले नाहीत. मुद्दाम हरणं म्हणजे समोरच्याला मूर्ख समजणं, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी ती रडायची, मोठेपणी तेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवायची.

हे वेड तिने लावलं ते कौसरला. कौसर फकीह तिची शाळेपासूनची मैत्रीण. सासरचे लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात गेले तेव्हापासून ती वडप्याला दिराच्या गोदामात ट्रकांची आवक-जावक बघते. दर रविवारी दुपारी दोघी कौसरच्या घरी पट मांडून बसत. नियम कसे रचायचे, पत्ते कसे कापायचे, सगळं शुभदाने शिकवलं. कौसर मन लावून शिकली. जरा जास्तच मन लावून शिकली, आणि तिथेच घोटाळा झाला.

यंदा कल्याण रोडवरच्या लग्नाच्या हॉलमध्ये खेळवेड्यांचा मेळावा भरला. लग्नाचा सिझन नव्हता. स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्यांवर खेळांचे खोके रचलेले, मागच्या भटारखान्यात वडे तळत होते. पुण्याच्या एका प्रकाशनाची क्षितिजा नावाची मुलगी आली होती आणि इथला एक नवा खेळ ती छापायला नेणार होती. एकच. शुभदाचा खेळ होता ‘धोटा’, मागात सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यावरून नाव; सूत विकत घेऊन माग चालवायचे. कौसरचा होता ‘नाका’, ट्रक गोदामापर्यंत पोचवायचे. दोघींची टेबलं शेजारी शेजारी.

शुभदाच्या टेबलावर लोक येत, नियम वाचत, मान डोलवत. कौसरच्या टेबलावर लोक हसत. कुणाचा ट्रक कोंडीत अडकला की आरडाओरडा व्हायचा, बघायला आणखी चार जण जमायचे. “कसली धमाल आहे हो,” म्हणत शुभदाच्या टेबलावरचा एक जण डाव अर्धा टाकून तिकडे गेला तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. लूम आपल्या नव्हे, फकिहांच्या घरात होते, तरी मागांचा खेळ आपण अभ्यास करून केला. आणि ही बाई रोजचं ट्रॅफिक उचलून पटावर मांडते आणि हॉल गोळा करते. शिकवलं कुणी? आपणच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

“शुभू, तू खेळ ना,” कौसर म्हणाली. “तुझ्याशिवाय टेस्टिंग म्हणजे काय टेस्टिंग.”

चाचणीचे नियम साधे असतात. खेळ करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. खेळणाऱ्यांनी खेळ मोडायचा, म्हणजे अशी चाल शोधायची की नियम लंगडे पडतील. शुभदानेच कौसरला बजावलं होतं, “लोक तोंडाने गोड बोलतात. तू हात बघ. हात कुठे जातो, कुठे थबकतो, त्यात सगळं असतं.”

शुभदा बसली. तिला ती चाल दुसऱ्याच फेरीत दिसली. सगळे रस्ते एका नाक्यातून जात होते. आपला एक ट्रक गोदामात पोचवायचा, दुसरा नाक्यावर उभा करायचा आणि हलवायचाच नाही. बाकीचे मागे अडकले की आपण शेवटपर्यंत पुढेच. तिचा हात नाक्याच्या दिशेने गेला. टेबलाभोवती पुन्हा हशा पिकला, कुणीतरी कौसरच्या पाठीवर थाप मारली. शुभदाने हात मागे घेतला, दुसराच ट्रक हलवला आणि गुमान हरली.

“अप्रतिम झालाय गं,” ती म्हणाली. “काना-मात्रा बदलू नकोस.”

 कौसरला बोलायची परवानगी नव्हती.

जेवणाआधी कौसर ‘धोटा’ खेळायला बसली, आणि क्षितिजा नेमकी तेव्हाच मागे येऊन उभी राहिली. कौसरने पहिल्याच फेरीत बाजारातलं सगळं सूत विकत घेतलं. बाकीच्यांचे माग बंद. पुढची फेरी, तेच. खेळ जागच्या जागी आडवा. “हे बंद कर शुभू,” कौसर सगळ्यांदेखत म्हणाली. “एकाच माणसाने सूत दाबलं तर बाकीचे काय माशा मारणार?”

शुभदाच्या कानशिलांना आग लागली. वैरीण आहे वैरीण, पुण्याच्या मुलीसमोर मुद्दाम केलं. ती वडाही न खाता जिन्यात जाऊन बसली आणि रागारागाने नियम बदलला: एका वेळी हातात सूत किती धरायचं याला मर्यादा. हिला दाखवतेच, असं पुटपुटत तिने पत्ते नव्याने लिहिले. राग मोठा कामसू असतो. दुपारी क्षितिजाने ‘धोटा’ पुन्हा मांडला तेव्हा डाव शेवटच्या फेरीपर्यंत अटीतटीचा झाला.

मग ‘नाका’ची पाळी आली. टेबलाशी दिघाशी गावचे चांगदेव पाटील बसले. शेताची जमीन गोदामाला भाड्याने दिलेले, नातीबरोबर आलेले, खेळाशी देणंघेणं नसलेले गृहस्थ. त्यांचा एक ट्रक गोदामात पोचला, दुसरा नाक्यावर आला, आणि त्यांनी पाय लांब केले.

“आजोबा, हलवा ना,” नात म्हणाली.

“कशाला? हितंच बरा हाय. हलवलाच पायजे असं कुटं लिवलंय? न्हाय ना?”

कुठेच लिहिलं नव्हतं. सगळे ट्रक मागे अडकून पडले. आधी लोक हसले, मग कंटाळले, मग एकेक जण उठला. कौसर नियमाप्रमाणे गप्प उभी होती. शुभदाला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. झालाही, घोटभर. मग क्षितिजाने तिच्याकडे येऊन ‘धोटा’ घेते म्हणून सांगितलं, तेव्हा तोही उरला नाही.

खोके आवरताना कौसर जवळ आली. “मुबारक हो,” ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग ट्रकांच्या सोंगट्या डब्यात टाकत, वर न बघता बोलली, “सकाळी तुझा हात नाक्यावर गेला होता. मागे आला.”

शुभदा मोजलेलेच पत्ते पुन्हा मोजू लागली.

“मला वाटलं, तुला दुसरी चांगली चाल सुचली. दुपारी समजलं.” तिने झाकण लावलं. “मी तुझा खेळ मोडला, तो टिकला. तू माझा सांभाळलास.”

त्या रात्री दातारांच्या घरात भांडी आपटली नाहीत. नवऱ्याने विचारलं, “आज कुणाचं कौतुक केलंस?” शुभदा सिंकसमोर नळ सोडून उभी राहिली. अण्णा असते तर काय म्हणाले असते ते तिला पाठ होतं.

रविवारी जावं की जाऊ नये, यात तिने सकाळ घालवली. शेवटी गेली. कौसरने दार उघडलं, चहा टाकला आणि ‘नाका’चा पट मांडला. शुभदाने एक ट्रक गोदामात पोचवला, दुसरा नाक्यावर नेऊन ठेवला आणि हात मांडीवर घेतला. चार फेऱ्यांत खेळ मेला. मेलेल्या खेळाकडे बघतानाही तिच्या पोटात जुनंच दुखत होतं, कारण एवढी जिवंत गोष्ट तिला जन्मात सुचली नसती.

“माझ्यापेक्षा तुझा खेळ चांगला आहे,” ती म्हणाली. या वेळी त्यात साखर नव्हती. “मला बघवलं नाही.”

“ते मला माहीत आहे,” कौसर म्हणाली आणि बशी तिच्याकडे सरकवली. “आता नाका उघडायचा कसा, ते सांग.”