सुतकातला मोडेम

वडील गेल्यावर चौथ्या दिवशी मी दोन तासांसाठी नामपल्लीच्या ऑफिसात गेलो. सुतकात कुठं निघालास, असं आत्याने विचारलंच. पण ते दोन तास दिले, तरच तेराव्यापर्यंत मला आईजवळ राहता येणार होतं. ऑफिसात अमेरिकेतल्या डॉक्टरांची टिपणं टाइप व्हायची, सगळी एकाच सर्व्हरवर. तो अडला तर त्याच दिवशी हजर व्हायचं, एवढी एकच अट मॅनेजरांनी घातली होती.

काम मला येत होतं. सर्व्हरला मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून दोन कॉम्प्युटर जोडणारी, जोडताना किंचाळणारी डबी, लावला आणि दुसऱ्या घंटेला तो फोन उचलेल असं केलं. पासवर्ड जुळला की मशीनने फोन ठेवून द्यायचा आणि आपणहून आमच्या बरकतपुऱ्याच्या नंबरावर उलट फोन करायचा. त्यामुळे बाहेरचं कुणी आत शिरू शकत नव्हतं. पंख्याची गती आणि प्रोसेसरचं तापमान दर दहा मिनिटांनी एका फाइलीत नोंदलं जाईल, अशीही सोय केली. घरी येऊन अंघोळ केली आणि जेवणाच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर मांडून घरच्या फोनच्या तारेला जोडला. दिवसातून तीनदा बघायचं ठरवलं.

दोन दिवस नीट गेले. सातव्या दिवशी दुपारी पाहिलं, तर तापमान सकाळपेक्षा बरंच चढलेलं. पंखा मात्र नेहमीसारखा फिरत होता. तेवढ्यात लाइन तुटली. मी पुन्हा फोन लावला आणि मशीनच्या फोनची वाट बघत बसलो. एरवी आता वाजेल तो फोन उचलू नको, असं मी आत्याला आधी सांगून ठेवायचो, त्या घाईत विसरलो. दुःखाच्या घरात फोन वाजत ठेवू नये, हा तिचा नियम. बाहेरच्या खोलीत तिने पहिल्याच घंटेला रिसीव्हर उचलला.

"हो, सोमवारी पहाटे गेला. त्रास नाही झाला," ती सांगत होती. मग जरा थांबून, "असं रडू नका हो. आधी नाव तर सांगा."

"वन्सं, ठेवा तो," आई आतून म्हणाली. "त्याचं मशीन आहे ते."

"मग मशीनला असं रडायला कुणी शिकवलं?" आत्याने फोन ठेवला.

पंखा चालू असताना मशीन तापतं, म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडत नाहीये. मी सरळ ऑफिसात फोन करून म्हाताऱ्या शिपायाला विचारलं, मशीनवर काही ठेवलंय का.

"साब, तुम नै आरे थे, धूल बैठरी थी," ते म्हणाले. "मैं ढाँक दिया."

घरून शिवून आणलेली जाड कापडी खोळ त्यांनी सर्व्हरला पार खालपर्यंत घातली होती. मी रागावलो नाही. ती काढून प्रिंटरला घाला, एवढंच सांगितलं.

अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं. या वेळी आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून फोनकडे बघत बसली होती. आकडे खाली येत होते.

आई दारात उभी होती. "जावं लागेल का रे?"

"नाही."

तिने खुर्ची ओढली. वडिलांच्या कपाटातली पुस्तकं काढून आणायला सांगितली. लायब्ररीची कोणती, ती वेगळी करायची होती. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत बसलो.